बारा-तेराची मुलं

आमच्या घरात दोन विहीणबाई आहेत. एक मी आणि एक त्या. सुनेने "आई" अशी हाक मारली की आम्ही दोघी उठतो, आणि गंमत म्हणजे ज्यांना कमी ऐकू येतं त्या आधी उठतात. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला ते माहीत आहे हे फक्त त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही. मी तापट आहे, दुष्ट नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. यजमान गेल्यावर चार दिवस लेकीकडे म्हणून आल्या. चार दिवसांचे बघता बघता कितीतरी महिने झाले आणि आपण इथे भार आहोत असं त्यांच्या मनाने घेतलं. स्वयंपाक मी करते, बाजार मुलगा करतो, कपडे मशीन धुतं. "मग माझा इथे उपयोग काय?" हे त्यांचं रोजचं पालुपद. शेवटी त्यांनी धाकट्या भावाकडे कायमचं जायचं ठरवलं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारचं तिकीटही काढून टाकलं. भावाचं गाव लांब, भावजय तोंडाने फटकळ, आणि त्यांना मिळणार होती ती खोली माडीवर. गुडघे दुखणाऱ्या बाईला माडीवर ठेवणाऱ्या माणसांबद्दल मी काय बोलणार!

मला त्या जायला नको होत्या. आडपडदा न ठेवता सांगते, मला त्यांचा लळा लागला होता. मी दिवसभर कोणा ना कोणावर चिडलेली असते, आणि माझं चिडणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. त्यातलं निम्मं त्यांना ऐकू येत नसेल, पण चेहरा अगदी योग्य जागी गंभीर करायच्या. मी त्यांना "राहा की" असं कितीदा म्हणाले. पण "राहा की" हे आपल्याकडे निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणतात. त्या हसून "तुम्ही म्हणता हो" म्हणायच्या आणि बॅग भरायला घ्यायच्या. जरा जोर लावून म्हटलं तर माझा आवाज असा की दटावल्यासारखं वाटतं. आग्रह आणि दटावणी यांच्या मधला सूर देवाने मला दिलाच नाही.

त्यांचा जीव रमायचा अशी एकच जागा होती, ती म्हणजे माझं दुकान. दुकान म्हणजे पूर्वीचं. पडदे शिवायचा माझा धंदा होता. डोळे कुरकुरायला लागले तसा तो बंद केला, पण जागा सोडली नाही. तिथे आता दुपारी आम्ही चौघंजणं गोधड्या शिवतो, ज्या मुलांना पांघरूण नाही त्यांच्यासाठी. आजवरच्या बहुतेक सगळ्या सरकारी दवाखान्यातल्या बाळांना गेल्या. उरलेल्या पडद्यांचे तुकडे जोडून वरचा थर, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेली चादर, खाली साधं सुती कापड, आणि तिन्हींतून आरपार धावदोरा. मोठ्या टेबलावर एका वेळी दोन गोधड्या मावतात.

मी आणि विहीणबाई सोडून तिथे दोघं येतात. एक मास्तरीणबाई. जन्मभर भाषा शिकवली, त्यामुळे हातात सुई असली तरी लक्ष आमच्या वाक्यांकडे. दुसरे ड्रायव्हर. तीस वर्षं बस चालवली. त्यांचा एक टाका या स्टॉपवर असतो तर पुढचा पुढच्या. त्यांच्या टाक्यात मुलांची बोटं अडकतील म्हणून मी ते उसवते, ते परत घालतात, मी परत उसवते. दोघांचीही दुपार मजेत जाते.

आणि विहीणबाई. टाका सुंदर, बारीक, एकसारखा. पण बोलणं म्हणाल तर आनंदीआनंद. एकदा मास्तरीणबाईंनी विचारलं, "कात्री आहे का तुमच्याकडे?"

"खात्री नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण अंदाज आहे."

मास्तरीणबाईंनी कात्री दुसरीकडून घेतली आणि आम्ही तिघांनी माना खाली घालून हसू गिळलं. त्या दुखावू नयेत म्हणून आम्ही हसलो नाही, आणि हे चुकलंच आमचं. तेव्हाच मोकळेपणी हसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढचं म्हणजे फोन. दुकानात जुना फोन आहे, वायरवाला. त्या दिवशी मी पाणी भरायला मागे गेले होते, ड्रायव्हरच्या तोंडात दोरा होता आणि मास्तरीणबाईंच्या मांडीवर अर्धी गोधडी. फोन वाजला तो विहीणबाईंनी उचलला. मला बरंच वाटलं. काहीतरी करायला मिळालं की त्यांचा चेहरा उजळतो.

"मुलांच्या वसतिगृहातून होता," त्या फोन ठेवून म्हणाल्या. "तिथल्या बाई होत्या. अनाथ मुलं आहेत हो. पांघरुणं पुरत नाहीत म्हणाल्या."

"किती मुलं?" मी आतून ओरडले. माझं ओरडणं त्यांना नीट ऐकू येतं.

"साधारण बारा-तेरा."

"आणि केवढी?"

विहीणबाईंनी ठेवलेल्या फोनकडे पाहिलं. "लहान. लहानपणाबद्दल काहीतरी म्हणाल्या. लहानच आहेत."

आम्हाला सवय बाळांची. शंका यायचं कारणच नव्हतं. बारा-तेरा म्हणजे तेरा धरू, असं म्हणून आम्ही कामाला लागलो. त्या तेरा गोधड्यांचं काम विहीणबाईंनी अंगावर घेतलं. कोणती बदकं कोणत्या सशांशेजारी बसवायची, किनार पिवळी की हिरवी, सगळं त्याच ठरवायच्या. मी चक्क गप्प राहिले. घरीसुद्धा त्या भावाचं नाव काढेनाशा झाल्या. एकदा तर रविवारचं तिकीट पुढे ढकलता येतं का, असं त्यांनी सुनेला सहज म्हणून विचारलं. सुनेने ते मला सांगितलं आणि मी दार लावून एकटीच हसले. म्हटलं, या तेरा गोधड्या नीट पोचल्या आणि चार लोकांनी त्यांचं कौतुक केलं की ही बाई कुठे जात नाही.

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, फोनवर ठरल्याप्रमाणे, वसतिगृहाच्या बाई मुलांना घेऊनच येणार होत्या. आम्ही दुकान झाडलं, गोधड्यांच्या छोट्या घड्या करून टेबलावर मांडल्या. लहान मुलं येणार म्हणून ड्रायव्हरने पिनांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. विहीणबाई चांगली साडी नेसून दारात उभ्या होत्या, म्हणजे मुलं आली की आधी त्यांनाच दिसावीत.

मुलं आली. पहिला मुलगा आत येताना शटरला डोकं आपटू नये म्हणून वाकला.

त्याला मिशी फुटत होती. त्याच्या मागून दुसरा, आवाज फुटलेला. मग दोन मुली, एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या. मग आणखी दोन मुलगे, आणि शेवटी एक मुलगी, ती तर मिशीवाल्यापेक्षाही वीतभर उंच. तिच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापाशीच संपल्या होत्या आणि उंची लपवायला ती पोक काढून चालत होती.

"ही आमची सात जणं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मी फोनवर सांगितलं होतं ना, सात जणं, बारा-तेराची."

मिशीवाल्याने टेबलावरची एक गोधडी उचलली, उलगडली, बदकं पाहिली आणि फार सभ्यपणे विचारलं, "हे उशीचं कव्हर आहे का?"

मास्तरीणबाई डोळे मिटून पुटपुटल्या, "सात जणं, बारा-तेराची. साधारण बारा-तेरा." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "एका 'ची'ने घात केला."

"आणि लहानपणाचं काय म्हणाला होतात तुम्ही?" मी बाईंवर उखडले. कोणावर तरी उखडणं भागच होतं.

"लहानपणीची पांघरुणं आता पुरत नाहीत, असं म्हणाले," बाई घाबरून म्हणाल्या. "काही चुकलं का माझं?"

"चुकलं! वय सांगताना वय म्हणावं माणसाने! 'बारा-तेराची' काय? भाजी आहे का ती, बारा-तेराची?"

माझी गाडी सुटली होती, पण डोळा विहीणबाईंवर होता. त्यांना शब्द ऐकू आले असतील-नसतील, पण मुलांची उंची तर दिसत होती. त्यांनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. बसची वाट बघणारं माणूस बसतं तसं. गेलं सगळं, म्हटलं. आता या रविवारचीसुद्धा वाट बघायच्या नाहीत, उद्याच निघतील.

"माझी चूक आहे," त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं."

त्यांनी हे पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे," ड्रायव्हर म्हणाले. "इंजिनाशेजारी बसून माझाही डावा कान गेलाय. म्हणून तर मी तुमच्या उजवीकडे बसतो. दोघांनाही काही ऐकू येत नाही, भांडण होत नाही."

मुलं हसली. विहीणबाई हसल्या नाहीत.

पण माणसांनी असं खांबासारखं उभं राहिलेलं मला चालत नाही. मी दोन गोधड्या उचलल्या, एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला लावलं आणि मिशीवाल्याला म्हटलं, "टेबलावर आडवा हो."

"मी?"

"मग काय मी होऊ?"

तो आडवा झाला. दोन गोधड्या मिळून बरोबर गळ्यापासून तळपायापर्यंत आल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग दुकानाचा बाजार झाला. ज्याला बदकं नको होती त्याला आगगाडी हवी होती, ज्याच्याकडे आगगाडी होती तो ती हत्तीशिवाय सोडेना. फुटलेल्या आवाजाच्या मुलाने ससे मागून घेतले आणि कोणी हसायच्या आत घडीच्या आत लपवले. ड्रायव्हरने सुया वाटल्या आणि जोड घालायला शिकवायला सुरुवात केली. त्यांचे टाके पाहून मी तोंड उघडलं, पण मुलं तसेच लांब टाके इतक्या जोमाने घालत होती की मिटलं. मास्तरीणबाई एकेकाचं पांघरूण धरून उभ्या होत्या आणि "गोधडी जोडतात, गोधड्या जोडतात, 'गोधड्यां' जोडत नाहीत" असं सांगत होत्या.

हिशोबात मात्र एक खोट निघाली. सात जणांना चौदा लागत होत्या, आणि आमच्या तेरा. शेवटच्या उंच मुलीच्या वाट्याला एकटीच गोधडी आली. ती गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचेना.

"मला नको," ती म्हणाली. रागाने नाही, सवयीने. "मला तशीही पुरणार नाही."

आणि गोंगाटापासून लांब म्हणून ती नेमकी विहीणबाईंच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकली.

मी टेबलापाशी जोड धरून होते, पण कान तिकडे. वसतिगृहातली पोरं, गोंगाटात वाढलेली. त्यांचं साधं बोलणंही रस्त्यापलीकडे जाईल असं असतं. त्या मुलीचा शब्दन् शब्द विहीणबाईंना ऐकू जात होता.

"का गं नको?" विहीणबाईंनी विचारलं.

"मला जे मिळतं ते मला पुरेनासं होतं. मग ते धाकटीला देतात. चपला, फ्रॉक, स्वेटर. तुम्ही आज दिलीत तरी पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच कोणाची तरी असणार."

विहीणबाईंनी तिच्याकडे खालून वर पाहिलं. मग पर्स मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली. "माझी मुलगी अशीच होती," त्या म्हणाल्या. "ताडमाड. मी तिच्या फ्रॉकला माया ठेवायची."

"माया म्हणजे?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं. वरून दिसत नाही. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि ते सोडायचं. तिने एकेक फ्रॉक कितीतरी वर्षं घातला."

"गोधडीला ठेवता येते?"

"न यायला काय झालं?"

असं म्हणून विहीणबाई उठल्या आणि थेट माझ्या वरच्या कपाटापाशी गेल्या. तिथे गडद निळ्या जाड पडद्याच्या कापडाचा एक तागा आहे. दुकान चालू होतं तेव्हाही मी तो कोणाला विकला नव्हता, आणि घरच्यांनाही त्याला हात लावू देत नाही. त्यांनी मला न विचारता तो काढला, टेबलावर दाणकन टाकला आणि कापायला घेतला. दुसऱ्या कोणाचे हात मी तिथल्या तिथे धरले असते. त्या दिवशी मी कापडाचं टोक ताणून धरलं, म्हणजे त्यांना सरळ कापता यावं.

निळा लांबलचक पट्टा त्यांनी त्या एकट्या गोधडीला पायाशी जोडला. आत चादर घातली, खाली कापड लावलं. मुलगी शेजारी बसून सुयांत दोरा ओवून देत होती. बाकीच्या मुलांची पांघरुणं होत आली होती. ती अंगावर घेऊन मुलं राजासारखी फिरून आली आणि हळूहळू सगळी टेबलाभोवती जमली. विहीणबाईंनी पट्टा मध्येच आडवा दुमडला आणि दुमड पक्की करायला वरून टाके घालू लागल्या.

"हे बघ. या दुमडीत माया आहे. तू वाढलीस की एवढे टाके उसवायचे. वीतभर लांब होते."

"उसवणार कोण?" मुलीने विचारलं. "आमच्या बाईंना वेळ नसतो. आणि मी उसवलं तर कापडच फाटेल."

"मी उसवीन की," विहीणबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं आणि त्यांचा हात थांबला. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरने विनाकारण चष्मा पुसायला घेतला.

"पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल?" मुलीने विचारलं. अगदी समोर बसून, स्पष्ट, खणखणीत. तिचं आयुष्य येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत गेलेलं. तिला उत्तर हवं होतं, गोड बोलणं नको होतं.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणं माणूस यजमानिणीकडे बघतं ना, आणखी पाणी मागू का नको अशा नजरेने, तसं. इतके महिने एका घरात राहून अजून तसं बघतात, याचा मला असा संताप आला की डोळ्यात पाणीच आलं. "राहा" म्हणून काही होणार नव्हतं. तो शब्द मी वापरून वापरून पार झिजवला होता.

"दोन दुमडी घाला," मी म्हणाले.

"अं?"

"दोन!" मी ओरडले. "पोरगी बघा केवढी आहे! एका दुमडीने काय होतंय तिचं? एक पुढच्या वर्षी उसवाल, मग त्याच्या पुढच्या वर्षी? नाही, दोनानेही भागायचं नाही. तीन घाला. भरपूर माया ठेवा."

विहीणबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "तीन म्हणजे तीन वर्षं झाली," त्या हळूच म्हणाल्या.

"मला मोजता येतं."

"जड होईल हो."

"कोणाला? मला नाही होणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले, नजर वळवली नाही, हे माझ्यासारखीला सोपं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आधी रडू आलं आणि मग हसू, आणि मग दोन्ही मिळून असं काही आलं की त्यांना पदराने नाक पुसावं लागलं.

"तीनच घाला, आजी," उंच मुलगी सुई पुढे करत म्हणाली. "नाहीतर त्या परत ओरडतील."

विहीणबाईंनी टेबलावरचा खडू उचलला, निळ्या कापडावर वीत टाकली आणि तीन खुणा केल्या.